केसांचे दुखणे : आधी कारण शोधा, मग खर्च करा



डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात विचित्र प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत कित्येकांना टक्कल पडले. लहान मुले, तरुण मुली, म्हातारी माणसे, कोणीच सुटले नाही. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला. लोकांना घराबाहेर पडायची लाज वाटू लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली आणि नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तपासणी केली. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे द्रव्य फार वाढलेले व जस्त कमी झालेले त्यांना आढळले. परराज्यातून रेशनवर आलेल्या गव्हातून हे सेलेनियम पोटात गेले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो गहू बंद केल्यावर काहींचे केस पुन्हा येऊ लागल्याचेही त्यांनी नोंदवले.

म्हणून रेशनचा गहू टाकून द्या, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. असा प्रकार क्वचितच घडतो. आपण घ्यायचा धडा वेगळा आहे. केस डोक्यावर दिसतात, पण ते बिघडण्याचे कारण पुष्कळदा ताटात, पाण्यात, रक्तात किंवा रोजच्या सवयीत असते. ते न शोधता आपण बाटल्या विकत घेत राहतो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात असो की मुलुंड, बोरिवली, अंधेरीच्या वस्त्यांत, महिन्याच्या पगारातले दोन-तीनशे रुपये ‘केस वाढवणाऱ्या’ तेलावर जातात. तेच पैसे अंडी आणि कडधान्यांवर गेले तर केसांना जास्त उपयोग होईल.

केस म्हणजे काय?

आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ, आणि त्याला खाद्य मिळते रक्तातून. तेल, शाम्पू, मेंदी वरच्या केसाला जपू शकतात, पण मुळाला जेवू घालू शकत नाहीत.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. महिन्याला ते सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. दोन दिवसांनी केस विंचरले की फणीत मोठा पुंजका दिसतो, तो दोन दिवसांचा असतो. त्याने घाबरू नये.

मोठे आजारपण, तीव्र ताप, बाळंतपण किंवा फार मोठा मानसिक धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळू लागतात. पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉइड झालेल्या माणसाचे केस दिवाळीच्या सुमारास गळतात, ते यामुळेच. तोपर्यंत ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या साबणाला दिला जातो. अंगात दुसरी कमतरता नसेल तर असे केस बहुधा सहा महिन्यांत पूर्ववत होऊ लागतात.

श्रामणेर शिबिरात मुंडण करून आलेल्या मुलांच्या आया विचारतात, आता केस दाट येतील ना? मुंडणाने केस दाट होत नाहीत आणि विरळही होत नाहीत. वस्तऱ्याने वरचा केस कापला जातो, मूळ आहे तसेच राहते. कापलेले टोक बोथट असल्यामुळे नवा केस जाड वाटतो, इतकेच.

धुणे : पाणी कमी, वेळ कमी

नळाला पहाटे तास-दीड तास पाणी, एकच मोरी आणि घरात पाच-सहा माणसे. अशा घरात रोज केस धुणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. सफाई कामगार, हमाल, रिक्षाचालक, बांधकामावर जाणारे यांना घाम व धूळ जास्त, त्यांनी तीनदा धुवावेत.

शाम्पूची पुडी सरळ डोक्यावर ओतू नका. अर्ध्या मगभर पाण्यात ती कालवा आणि ते पाणी डोक्याच्या त्वचेला बोटांच्या पेरांनी लावा. नखांनी खरवडू नका. लांब केस वेगळे चोळण्याची गरज नाही, वरून उतरणाऱ्या फेसाने ते स्वच्छ होतात. एका पुडीत काम भागते आणि पाणीही कमी लागते. कपड्याचा साबण किंवा धुण्याची पावडर डोक्याला कधीही लावू नये. कढत पाणी टाळा, कोमट घ्या. शिकेकाई-रिठा वापरायचा तर गाळून घ्या, नाहीतर चोथा केसांत अडकतो.

मुंबईला येणारे तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी केसांना त्रास देणारे नाही. टँकर किंवा बोरिंगचे पाणी मात्र पुष्कळदा क्षारयुक्त असते. फेस येत नाही आणि केस ताठ, चिकट लागतात. तेच पाणी वापरावे लागत असेल तर निदान शेवटचे दोन तांबे नळाचे राखून ठेवा.

आता सर्वांत मोठी चूक. पहाटे केस धुवायचे, ओल्या केसांचा अंबाडा घट्ट बांधायचा आणि लोकल पकडायची. ओला केस ताणला की सहज तुटतो. दिवसभर दमट राहिलेल्या डोक्याला वास येतो, खाज सुटते, कोंडा वाढतो. ज्या भगिनींना पहाटे निघावे लागते त्यांनी कामावरून आल्यावर संध्याकाळी केस धुवावेत, पंख्याखाली वाळवावेत आणि मगच झोपावे. ओले केस टॉवेलने घासू नयेत, जुन्या सुती कपड्याने टिपावेत. गुंता आधी टोकाकडून, रुंद दातांच्या कंगव्याने सोडवावा.

तेल किती, केव्हा?

खोबरेल तेल चांगलेच आहे. मुंबईतील दोन संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. धुताना केसांतील प्रथिनांची होणारी झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही वाचकांना ठाऊक असावे. तेलाने केस तुटणे कमी होते, पण टकलावर नवा केस येत नाही.

धुण्याआधी तासभर किंवा आदल्या रात्री थोडे तेल लावणे योग्य. चार-चार दिवस डोके तेलकट ठेवले तर त्यावर रस्त्यावरची धूळ बसते. कोंडा असेल तर तेल थांबवावे, कारण कोंडा वाढवणारी बुरशी त्वचेवरच्या तेलावरच जगते. ‘डोके कोरडे पडले म्हणून कोंडा झाला’ हा समज उलटा आहे. केटोकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा लावून पाच मिनिटे ठेवावा आणि धुवावा. महिन्याभरात फरक दिसला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

ताटातले औषध

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. केस गळणे, धाप लागणे, थकवा, फिके डोळे ही लक्षणे एकत्र असतील तर तेल बदलू नका, रक्त तपासा. पाळीत फार रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

लोहासाठी कलेजी, वजडी, सुकट, बोंबील, अंडी हे आपल्या घरातलेच पदार्थ आहेत. सोबत मटकी, चणे, शेवग्याचा पाला, माठ आणि अळीव खावे. पालेभाजी-कडधान्यावर लिंबू पिळा, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात. शौच काळे होते म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांनीही ऐकावी. बाई सर्वांना वाढून उरलेले खाते तोवर तिच्या केसांवर कोणतेही तेल चालणार नाही. अंड्याचा आणि मटणाचा वाटा तिच्या ताटात आधी पडला पाहिजे.

उवा : लाज नको, उपाय हवा

उवा स्वच्छ डोक्यातही होतात. त्या उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोके लागले की सरकतात. एका अंथरुणावर तीन मुले झोपतात त्या घरात हे होणारच. उवांवरून मुलीला वर्गात वेगळे बसवणे चुकीचे आहे. असे घडले तर पालकांनी शाळेत जाऊन शांतपणे पण स्पष्टपणे बोलावे.

उपाय सोपा आहे, पण घरातल्या सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासली पाहिजेत. परमेथ्रिन १ टक्का असलेले लोशन धुतलेल्या, किंचित ओल्या केसांना लावून दहा मिनिटांनी धुवावे. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून आठ-नऊ दिवसांनी ते पुन्हा लावावे. पैसे नसतील तर भरपूर तेल लावून बारीक दातांच्या फणीने दर तीन दिवसांनी, दोन आठवडे विंचरावे. रॉकेल, झुरळ मारायचा खडू, ढेकणांचे औषध मुलांच्या डोक्याला कधीही लावू नये. त्वचा भाजते, विषबाधा होते, जीवही जाऊ शकतो.

पार्लर, डाय आणि सलून

शाळेच्या दोन घट्ट वेण्या, ओढून बांधलेली पोनी यांनी कपाळावरचे केस मागे हटत जातात. वेणी सैल घाला. काळ्या मेंदीत व डायमध्ये बहुधा पीपीडी हे रसायन असते. काहींचा चेहरा त्याने सुजतो. लावण्याआधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबा. डाय लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, पोटात गेल्यास तो प्राणघातक आहे. लग्नसराईत केस सरळ करून घेण्याच्या काही द्रवांतून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. ती डोळ्यांना व श्वासाला घातक असते. सलूनमध्ये दर वेळी नवे ब्लेड मागणे हा आपला हक्क आहे, कारण कावीळ ‘बी’ आणि एचआयव्ही वापरलेल्या ब्लेडने पसरू शकतात.

जट म्हणजे गुंता

केस दीर्घकाळ विंचरले नाहीत की घाम, तेल आणि धूळ यांनी ते एकमेकांत गुंततात. एवढेच जटेचे कारण. तिला देवीचा कौल म्हणत बाईला आयुष्यभर ते ओझे वाहायला लावले जाते. मान दुखते, उवा आणि जखमा होतात, आणि कित्येक मुली याच वाटेने देवीला सोडल्या गेल्या. त्यांत दलित मुलीच अधिक होत्या. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळी यांच्यापुढे बोलताना ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले होते.

आपण धम्म स्वीकारला, तरी गावाकडच्या नात्यात, कधी शेजारच्या गल्लीत जट दिसते. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जट काढून देतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अशा अनेक बायांना मोकळे केले आहे. जबरदस्ती करू नये. आधी बाईशी व घरच्यांशी बोलावे, भीती समजून घ्यावी, मग कात्री लावावी. जट कापल्याने कोणाचेही वाईट होत नाही, मान हलकी होते.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

- नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर. ही चाई. ती संसर्गाने होत नाही, तिच्यावर उपचार आहेत.
- मुलाच्या डोक्यावर खपली धरून केस तुटत असतील तर. हा नायटा असू शकतो. त्याला पोटातून गोळ्या लागतात. मेडिकलवाल्याने दिलेली स्टिरॉइडची ट्यूब लावू नका.
- भांग रुंदावत असेल, पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर.
- तीन महिन्यांहून जास्त काळ केस गळत असतील तर.

आधी जवळच्या आपला दवाखान्यात जावे. तिथून चिठ्ठी घेऊन घाटकोपरचे राजावाडी, कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय किंवा जुहूचे कूपर गाठावे.

येत्या रविवारी विहारातील वंदनेनंतर महिला मंडळाने एवढे करावे. एक बारीक फणी, एक आरसा घ्यावा आणि मुलांची डोकी तपासावीत. ज्या भगिनींना थकवा आणि केसगळती दोन्ही आहे त्यांची नावे लिहून घ्यावीत आणि सोमवारी सर्वांनी मिळून रक्त तपासायला जावे. एकटी बाई ‘वेळ नाही’ म्हणून टाळते, पाचजणी निघाल्या की सहावीही येते.