न खेळलेल्या सामन्याचा पुरावा

१९५१ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा अमेरिकी फुटबॉल संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. मागील लेखात आपण ‘बाउल’ सामन्यांची रचना पाहिली. तिथे साखळी नव्हती, बाद फेरीही नव्हती. हंगाम संपला की मायामी, न्यू ऑर्लिन्स, डॅलस अशा शहरांतल्या समित्या आपल्या पसंतीचे संघ बोलावत आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांची लढत लावत. सॅन फ्रान्सिस्कोच्या या संघाला, म्हणजे ‘डॉन्स’ना, असे एकही बोलावणे आले नाही. संघात ओली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. या दोघांना मागे ठेवून येणार असाल तर विचार करू, असे आपल्याला कळवण्यात आले आणि आपण सगळ्यांनी त्याला साफ नकार दिला, ही हकिकत त्या संघातील खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली. ती निव्वळ आठवणींच्या भरवशावर उभी आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. त्या वर्षी आणि त्याआधी बोलावणी कोणाकोणाला गेली हे तपासले, तर खेळाडूंच्या आठवणी बाजूला ठेवूनही निष्कर्ष तोच निघतो.

आधी संघाच्या ताकदीबद्दल. प्रशिक्षक जो कुहारिच यांच्या हाताखालच्या या संघातून मॅटसन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. एका लहानशा जेझुइट विद्यापीठाच्या एकाच संघातून तिघे जाणे ही असामान्य गोष्ट आहे. संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा तरुण पीट रोझेल १९६० मध्ये व्यावसायिक फुटबॉल लीगचा आयुक्त झाला. मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची मजल मारली. देशात त्याच्यापुढे कोणी नव्हते. न्यूयॉर्कमध्ये फोर्डमविरुद्धचा सामना डॉन्सनी ३२-२६ असा जिंकला, त्यात प्रतिस्पर्ध्यांनी खेळ सुरू करण्यासाठी मारलेला चेंडू झेलून त्याने दोनदा थेट पलीकडच्या टोकापर्यंत धाव घेतली. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात त्याने कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवले. असा खेळाडू संघात असताना, आपला सामना गाजावा असे वाटणारी कोणतीही समिती त्याच्याकडे पाठ कशी फिरवेल?

यावर पहिला आक्षेप असा की डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. यात तथ्य आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. सॅन होजे स्टेटशी ते एकाच हंगामात दोनदा खेळले, दोन सामने लष्करी तळांच्या संघांशी झाले आणि देशातल्या बलाढ्य संघांपैकी कोणाशीही त्यांची गाठ पडली नाही. म्हणूनच असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या क्रमवारीत नऊ विजय मिळवूनही त्यांना चौदावे स्थान मिळाले. पण क्रमवारी हाच निकष मानायचा, तर तो सर्वांना लावायला हवा. पंधराव्या क्रमांकाच्या केंटकीला डॅलसच्या कॉटन बाउलचे निमंत्रण मिळाले. यादीत डॉन्सच्या बऱ्याच खाली असलेला क्लेमसन गेटर बाउलमध्ये खेळला. कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा डॉन्सनी ४७-१४ असा धुव्वा उडवला होता, तरी त्या संघाला एल पासोच्या सन बाउलचे बोलावणे गेले. पॅसिफिकच्या या निमंत्रणातून वर्णभेदाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यातून सिद्ध होते ते एवढेच की दुबळेपणाचे कारण टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दक्षिणेतल्या समित्यांना तिकिटे खपवायची असत. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या विद्यापीठाचे चाहते देश ओलांडून फ्लोरिडाला कशाला येतील? आसपासचे संघ बोलावणे हा साधा व्यवहार होता, असे ही बाजू म्हणते. या युक्तिवादाला उत्तर देणारे विद्यापीठ सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातच आहे. सांता क्लारा हेही जेझुइट, तेही लहान, त्याच उपसागराच्या काठचे. शुगर बाउलने त्याला १९३७ आणि १९३८ अशी लागोपाठ दोन वर्षे न्यू ऑर्लिन्सला बोलावले. १९५० मध्ये ऑरेंज बाउलने त्याला मायामीला नेले आणि तिथे त्याने केंटकीला २१-१३ असे हरवले. त्या वेळी सांता क्लारा क्रमवारीत पंधरावा होता आणि हंगामात दोन सामने हरलेला होता. म्हणजे एक पायरी खालचा, पराभवाचा डाग असलेला संघ त्याच किनाऱ्यावरून चालला; दोनच वर्षांनी अपराजित संघ मात्र चालला नाही. अंतर तेच, विद्यापीठांचा आकार साधारण तोच, धर्मपंथही तोच. मग फरक कशात होता?

तो कशात होता हे १९५२ च्या १ जानेवारीचे सामने सांगतात. ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर, शुगरमध्ये मेरीलँड आणि टेनेसी, गेटरमध्ये मायामी आणि क्लेमसन, कॉटनमध्ये केंटकी आणि टेक्सस ख्रिश्चन. या आठपैकी एकाही संघात त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांची दारे १९६० च्या दशकात आणि त्यानंतरच उघडली. कृष्णवर्णीय खेळाडूला घरी ठेवून या, ही अटही डॉन्ससाठी नव्याने शोधलेली नव्हती. बोस्टन कॉलेजच्या लू माँटगोमेरीला १९४० च्या कॉटन बाउलमध्ये आणि १९४१ च्या शुगर बाउलमध्ये खेळू दिले नाही, आणि त्याच्या विद्यापीठाने ते मुकाट मान्य केले. १९४८ मध्ये लाफायेट कॉलेजने डेव्हिड शॉवेलला वगळण्याची अट नाकारून सन बाउलचे निमंत्रणच परत केले. उलट बाजूचे उदाहरणही आहे: १९४८ च्या कॉटन बाउलमध्ये पेन स्टेट आपल्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह उतरला. म्हणजे ही भिंत सगळीकडे सारखी नव्हती, आणि मनात आले तर ती ओलांडता येत होती. त्यामुळे ‘तेव्हाची रीतच तशी होती’ ही सबब समित्यांना देता येत नाही.

राहता राहिला प्रश्न लेखी पुराव्याचा. तुम्ही गोऱ्यांचा संघ नाही म्हणून बोलावत नाही, असे कोणत्याही समितीचे पत्र दाखवता येत नाही, असे म्हणणारे आहेत. आयरा ब्लू या सॅन फ्रान्सिस्कोतील क्रीडा-निवेदकाने हे कारण तेव्हाच जाहीरपणे सांगितले होते, पण तेही पत्र नव्हे. मात्र पत्र नसणे हा समित्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा मानणे चूक आहे, कारण निमंत्रणाच्या पद्धतीत नकार लिहावाच लागत नाही. याच हंगामात २० ऑक्टोबर १९५१ रोजी स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याचा जबडा प्रतिस्पर्ध्याने फोडला. छायाचित्रकारांनी तो प्रसंग टिपला, छायाचित्रे देशभर गेली आणि १९५२ चे पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले. मैदानावरचा अन्याय कॅमेऱ्यात सापडला. बंद खोलीत एका संघाचे नाव यादीतून गळते तेव्हा छायाचित्र काढायला समोर काहीच नसते. अशा वेळी तुलना हाच पुरावा असतो, आणि तो वर मांडला आहे.

या कथेत एक गोष्ट मात्र वाढवून सांगितली जाते, ती सुधारायला हवी. डॉन्सच्या नकाराने विद्यापीठाचा फुटबॉल संपला, असे म्हणतात. हंगामानंतर लवकरच विद्यापीठाने खेळ बंद केला हे खरे. परंतु तोट्याचे ओझे आधीपासूनच होते. शेजारच्या सेंट मेरीजने त्याआधीच फुटबॉल सोडला होता, सांता क्लाराने १९५२ नंतर सोडला. बाउलच्या पैशाने संघ वाचलाच असता असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्या मते यामुळे त्या नकाराची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. संघाच्या तिजोरीत खडखडाट असताना, पैसा येण्याची एकमेव वाट समोर दिसत असताना, गोऱ्या खेळाडूंनी आपल्या दोन सोबत्यांना सोडले नाही. टोलरचा गुडघा पुढच्याच वर्षी दुखावला आणि व्यावसायिक खेळाची त्याची संधी हुकली. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये व्यावसायिक लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. १९८० च्या सुपर बाउलमध्येही त्याने पंचाचे काम केले.

जॉर्जिया टेकशी किंवा टेनेसीशी डॉन्सची गाठ पडली असती तर काय झाले असते, हे ठरवता येणार नाही आणि ठरवण्याची गरजही नाही. बोलावणे का आले नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र आता संशयात राहू नये: कारण खेळाचे नव्हते, दोन खेळाडूंच्या वर्णाचे होते. चारच वर्षांनी, २ जानेवारी १९५६ रोजी, पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर शुगर बाउलमध्ये उतरला, तोही जॉर्जियाच्या गव्हर्नरचा उघड विरोध असताना. तो सामना कसा होऊ शकला, हे पुढील आठवड्यात पाहू.