‘जाते’ म्हणू नये
निपाणीत तंबाखूच्या वासात दोघी वाढल्या. एकीच्या घरी मराठी, दुसरीच्या घरी कन्नड; पण सागरगोटे खेळताना भाषा कधी आड आली नाही. साठी उलटल्यावर परवा मराठी मैत्रीण मुलाकडे पुण्याला निघाली, ती कायमचीच. एस. टी. सुटताना सवयीने म्हणाली, “होगि बर्तीनि.”

मराठीत निरोप घेताना आपण ‘येते’ म्हणतो. कन्नडातही ‘जाऊन येते’ असेच म्हणतात. नुसते ‘जाते’ दोन्ही घरांत अशुभ! खाली उभ्या कन्नड गेळतीने मराठीत उत्तर दिले, “ये हं लवकर.”

कोगनोळी ओलांडून गाडी कागलला लागली असेल, तरी ही स्टँडवरच उभी होती. परत येणे अवघड, हे दोघींनाही ठाऊक होते. बोलले मात्र कुणीच नाही. एकमेकींच्या भाषेने तेवढा आधार दिला.