कोणी कोणाला विचारायचे?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हे गाव लागते. कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या शांतिवनामुळे पुष्कळांना ते नावाने तरी ठाऊक असते. पनवेलच्या आसपास बांधकामे वाढली, तसे विटा-खडी-सिमेंट पुरवणारे लहान व्यावसायिकही वाढले. समजा, नेऱ्यातल्या चार मित्रांनी असाच एक धंदा काढला. एक टेम्पो, एक फोन, एक वही. कामाची वाटणी करावी लागत नाही; जो मोकळा असेल तो गाडी काढतो. काही वर्षांत पाच टेम्पो होतात, हाताखाली वीस-पंचवीस माणसे येतात. आणि मग एका गिऱ्हाइकाकडे खडी दोनदा पोचते, दुसऱ्याकडे पोचतच नाही. चौघेही एकमेकांना सांगतात, "मला वाटलं, तू बघितलंस."

माणसे तीच, मेहनतही तीच. बिघडले कुठे? व्यवस्थापनशास्त्रातला संघटनरचना हा विषय इथून सुरू होतो.

संघटनरचना म्हटले की साहेबांच्या केबिनमधला तक्ता डोळ्यांसमोर येतो. वर एक चौकोन, खाली तीन, त्याखाली नऊ. हा तक्ता म्हणजे रचना नव्हे. कामाचे तुकडे कसे करायचे, ते तुकडे पुन्हा जोडायचे कसे आणि कोणता निर्णय कोणी दुसऱ्या कोणालाही न विचारता घ्यायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजे रचना. त्यातले तिसरे उत्तर बहुतेक ठिकाणी कागदावर नसतेच, आणि भांडणे नेमकी तिथेच होतात.

फ्रान्समधल्या एका खाण कंपनीचे प्रमुख हेन्री फेयॉल यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात व्यवस्थापनाची काही तत्त्वे मांडली. त्यांतले एक असे, की एका माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा. ऐकायला सोपे आहे. पण आपल्या कोणत्याही ग्रामपंचायतीत डोकावून पाहा. ज्याला आपण ग्रामसेवक म्हणत आलो, त्याची नेमणूक, बदली, बढती जिल्हा परिषदेच्या हाती. रोजचे काम मात्र सरपंचांबरोबर. गटविकास अधिकाऱ्यांनी बैठकीला बोलावले आणि त्याच दिवशी गावात सभा असली, तर या गृहस्थाने करावे काय? मोठ्या कंपन्यांतही हे घडते. एक साहेब खात्याचा, दुसरा प्रकल्पाचा. असे दोन वरिष्ठ मुद्दाम ठेवतात, कारण दोघांचीही नजर कामावर हवी असते. मात्र कोणत्या बाबतीत कोणाचा शब्द अखेरचा, हे आधी ठरलेले नसेल तर मधला माणूस भरडला जातो.

फेयॉल यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. दोन खात्यांतल्या कारकुनांना एकमेकांशी बोलायचे असेल तर निरोप एका जिन्याने वर चढून दुसऱ्या जिन्याने खाली यायची गरज नाही. दोघांच्या साहेबांची संमती असेल तर मधे फळी टाकावी आणि थेट बोलावे. आपल्या कचेऱ्यांत ही फळी सहसा चहाच्या टपरीवर टाकली जाते!

या सगळ्याचा उत्तम नमुना आपल्या मराठी माणसांनीच घडवला आहे. मुंबईचे डबेवाले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हे काम सुरू केले असे सांगितले जाते. पुढे १९५६ साली ट्रस्ट नोंदवला गेला. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली ही मंडळी. करोनापूर्वी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत, असे सांगितले जाई. त्यांच्या अचूकतेविषयीचे मोठमोठे आकडे आपण ऐकतो. मला त्यांपेक्षा त्यांची रचना जास्त शिकण्यासारखी वाटते.

पायऱ्या फक्त तीन. डबेवाला, मुकादम आणि वर निवडलेली कार्यकारिणी. दहा ते पंचवीस माणसांचा एक गट. गटाचा हिशेब गटापाशीच राहतो आणि मिळकत आपसांत सारखी वाटली जाते. मुकादम वरिष्ठ खरा, पण तोही डबे उचलतो. डबा वाटेत अनेक हातांतून जातो, तरी कोणी कोणाला फोन करून विचारत नाही. झाकणावरच्या रंगीत खुणा आणि आकडे सांगतात, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचा. म्हणजे साहेबाने द्यायची सूचना झाकणावर लिहून ठेवली आहे. गाडी चुकली, एखादा आजारी पडला, तर काय करायचे ते गट तिथल्या तिथे ठरवतो. त्यासाठी गटात एखाद-दोन माणसे जास्तीची धरलेली असतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली या व्यवस्थेवर अभ्यास प्रसिद्ध केला, तो उगाच नव्हे.

पण प्रत्येक रचनेची किंमत असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. लोकल बंद, कार्यालये बंद. जिथे मिळकत गटातच वाटून घेतली जाते, तिथे डबे थांबताच वाटायलाही काही उरले नाही. पुष्कळ जण गावी गेले. लोकल सुरू झाल्या, तरी घरून काम करणारा कारकून डबा कशाला मागवील? डबेवाल्यांची संख्या पुन्हा पूर्वीच्या जवळपासही गेली नाही. यात त्यांचा दोष नाही. ती रचना एका कामासाठी, एका वेळापत्रकावर, अत्यंत नेटकी बेतलेली होती. उद्या गिऱ्हाईकच बदलले तर काय, याचा विचार करण्यासाठी आणि त्यासाठी पैसा बाजूला ठेवण्यासाठी वर मोठे कार्यालय लागते. तसे कार्यालय पोसले असते, तर इतक्या थोड्या पैशांत डबा पोचला असता का, हाही प्रश्नच आहे. अमेरिकेतले इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ च्या ग्रंथात मोठ्या कंपन्यांचा इतिहास तपासून म्हटले, की धंद्याचे धोरण बदलते तशी रचनाही बदलावी लागते. आपल्याकडे धोरण बदलते, पाटी बदलते, रचना मात्र वडिलांच्या वेळची राहते.

आता त्या चार मित्रांकडे पाहू. पंचवीस माणसांवर मॅनेजर, त्यावर जनरल मॅनेजर नेमले तर त्यांचे पगार देताना दमछाक होईल. डबेवाल्यांची हुबेहूब नक्कलही चालणार नाही. खडीच्या गाडीला रोज तेच घर नसते. तरी एकाने मागणी घ्यावी आणि ती एकाच वहीत उतरावी. प्रत्येक टेम्पोचे दोघे-तिघे ठरलेले असावेत. माल कुठे ओतायचा, रस्ता बंद असेल तर कुठून वळायचे, हे ड्रायव्हरने ठरवावे, फोन न करता. उधारी किती द्यायची हे मात्र एकाच जागी ठरावे, कारण एका गिऱ्हाइकाची उधारी बुडाली तर पाचही टेम्पोंचे डिझेल अडते.