मॅगझिन कुणाचं?

स्मशानात सलामीच्या फैरी झडल्या की जमलेले लोक दचकतात, झाडावरचे कावळे उठतात. माझी नजर मात्र जवानांच्या उजव्या हातांवर असायची. जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर म्हणून सारी नोकरी झाली, त्यामुळे बोल्ट कुणाचा सरळ जातो आणि कुणाचा अडखळतो हे लांबूनही कळायचं.

त्या दिवशी तुकडीत आठ जण होते. पहिली फैर एका आवाजात झाली. दुसऱ्या फैरीला डावीकडून तिसऱ्याचा बोल्ट अर्ध्यात थांबला. पोरगा हुशार, त्याने झटापट केली नाही. रायफल तशीच खांद्याला धरून उभा राहिला आणि उरलेल्या सातांनी फैर निभावून नेली. कुटुंबातल्या कुणाच्या लक्षातही आलं नसेल. परतताना गाडीत तो म्हणाला, "मेजर, म्हातारी झालीय हो ही. मोडीत काढा आता."

मी रायफल मांडीवर घेतली. बटाच्या मानेवरच्या लोखंडी कड्यावर उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली इशापूर आणि १९४३. म्हणजे म्हातारी तर होतीच. पण वयाने बोल्ट अडत नाही.

रायफल होती थ्री नॉट थ्री. हे नाव आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं, अर्थ फारसा कुणाला माहीत नसतो. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. रायफलीचं खरं नाव ली-एन्फिल्ड. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला कारागीर. बोल्ट आणि मॅगझिनची कल्पना त्याची. एन्फिल्ड हे इंग्लंडमधल्या सरकारी कारखान्याचं गाव. १८९५ साली ब्रिटिश सैन्याने ती घेतली, १९०७ मध्ये तिची मार्क थ्री ही आवृत्ती आली आणि पुढे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात तीच बनत राहिली. काडतुसं आपल्या खडकीची. बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं दिसली की समजायचं, पुण्याचा माल.

आता ती भरते कशी ते सांगतो. रायफलीच्या पोटाखाली पत्र्याची पेटी असते, ती मॅगझिन. तिच्यात दहा काडतुसं, एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे अशी चढत जातात. तळाशी नागमोडी पट्टीची स्प्रिंग, तिच्यावर एक चपटी पट्टी, ती काडतुसांना वर रेटते. तोंडाशी पत्र्याच्या कडा आत वळवलेल्या असतात. त्यांना आम्ही ओठ म्हणतो. बोल्ट पूर्ण मागे ओढला की वरचं काडतूस ओठांना येऊन टेकतं. बोल्ट पुढे ढकलला की त्याचं तोंड काडतुसाच्या बुडाला मागून रेटतं, काडतूस ओठांतून सुटतं आणि नळीच्या मागच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये, शिरतं. एवढंच. पण यात कुठे केसभर चुकलं तरी टोक चेंबरच्या कडेवर आपटतं किंवा बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून कोराच निघून जातो.

आम्हाला शिकवणारे उस्ताद मेरठकडचे होते. अडलेली रायफल समोर आली की हात पाठीमागे बांधायला लावायचे. "पहले देखो." आधी माणूस, मग काडतूस, मग मॅगझिन आणि सगळ्यात शेवटी रायफल, असा त्यांचा क्रम. आम्हा पोरांना मात्र पहिल्याच झटक्याला पेचकस हवा असायचा.

माणसापासून सुरुवात का, ते चांदमारीवर एक तास उभं राहिलं की कळतं. नवा शिपाई बोल्ट मागे ओढतो पण शेवटपर्यंत ओढत नाही, चार बोटं आधीच पुढे ढकलतो. मग बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडामागे जातच नाही, खालचं काडतूस खालीच राहतं. शिपाई चाप ओढतो, नुसती टक होते आणि दोष बंदुकीला. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाला याच रायफलीने तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार काढायला शिकवत. ती जोरात आणि पुरी ओढायची वस्तू आहे. संकोच केलात तर फसते.

एकदा तर तक्रार आली की एका जुन्या रायफलीत मॅगझिनमधून काडतूस वर येतच नाही. दोन जणांनी स्प्रिंग काढून धुतलीही होती. उजव्या बाजूला एक पातळ पट्टी असते, ती आत सरकवली की मॅगझिन झाकलं जातं आणि एकेक काडतूस हाताने घालायचं, मॅगझिन राखून ठेवायचं, अशी ती जुनी सोय. पहिल्या महायुद्धाच्या घाईत ती पुष्कळ रायफलींतून काढून टाकली. या रायफलीत ती होती आणि कुणीतरी आत सरकवून ठेवली होती, बस. मी बोटाने बाहेर ओढली आणि चहा मागवला.

मग काडतूस. इथे मात्र जरा थांबायला हवं, कारण या रायफलीची सगळी कटकट काडतुसाच्या बुडाशी आहे. काडतूस बुडाजवळ साधारण ११.७ मिलिमीटर जाड, पण अगदी शेवटी त्याला बाहेर आलेली कड असते, ताटाच्या काठासारखी, ती १३.७ मिलिमीटरची. ही कड चेंबरच्या तोंडाशी अडते म्हणून काडतूस नळीत किती आत जायचं ते ठरतं. चेंबर जरा सैल असलं तरी निभावतं. जर्मनांनी १८८८ मध्येच अशी कड नसलेलं काडतूस घेतलं. इंग्रजांनी त्याच सुमारास कडेचं काडतूस धरलं आणि पुढची साठ-सत्तर वर्षं तेच चालवलं.

कडेचा त्रास असा. काडतुसं एकावर एक बसतात, तेव्हा वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे हवी. ती मागे पडली तर वरचं काडतूस पुढे निघताना खालच्याच्या कडेला अडकतं. दिंडीत मागच्याने पुढच्याच्या चपलेवर पाय दिला की दोघंही तिथेच अडखळतात ना, तसंच. बोल्टवर कितीही जोर लावा, गाठ आवळत जाते. मॅगझिन काढायचं, काडतुसं बाहेर घ्यायची आणि नीट लावून पुन्हा भरायची, याशिवाय इलाज नाही.

हे टाळायला लोखंडी पट्टीची पाच-पाच काडतुसांची क्लिप असते, चार्जर. तिच्यात कडा एक खाली, एक वर, एक खाली अशा लावायच्या. मग ती दोन्ही बाजूंनी सारखीच होते, अंधारातही उलटी लागत नाही. क्लिप रायफलीच्या अंगावरच्या खाचेत उभी करायची, अंगठ्याने पाचही एका दाबात खाली. घाईत क्लिप कशीतरी भरली की पुढचं सगळं बिघडतं. आणि सुटी काडतुसं हाताने भरताना पोरं ती नुसती वरून दाबतात. प्रत्येक नवं काडतूस आधीच्याच्या कडेपुढे बसलं की नाही हे बघायला एक क्षण लागतो, तेवढा कुणी देत नाही.

कोषागाराच्या पहाऱ्यावरच्या रायफलींचा प्रकार निराळा. तीच काडतुसं महिनोन्‌महिने मॅगझिनमध्ये. पितळेवर हिरवट चढ येतो, ओठांशी चिकटतो. अशी काडतुसं मी ओळीने मांडून फडक्याने पुसायला लावायचो, तेव्हा गार्डवरचे लोक वैतागायचे. कोकणात बदलीवर होतो तेव्हा आणखी एक शिकलो. जुन्या .३०३च्या टोपीतल्या मसाल्यातून बार उडाल्यावर नळीत क्षार उरतात, ते दमट हवेत पाणी ओढतात आणि दोन दिवसांत चेंबर खरबरीत. मग उडवलेल्या काडतुसाची पुंगळी आतच धरून बसते आणि मागून येणारं काडतूस तिच्यावर आदळतं. शिपाई सांगतो, "भरत नाही". खरं तर आधीचं निघतच नसतं. तेल त्यावर उपाय नव्हे. तेलात क्षार विरघळत नाहीत. उकळतं पाणी ओतायचं, नळी वाळवायची, मग फुलतरूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी बांधून फिरवायची आणि तेल शेवटी.

बिहारमध्ये २०१९ साली एका माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यसंस्काराला बावीस रायफली उचलल्या आणि एकही बार उडाला नाही, ते सगळ्या देशाने पाहिलं. मला तेव्हा बरेच फोन आले. पण तो वेगळा आजार. काडतूस चेंबरमध्ये गेलं, चाप ओढला आणि पेटलं नाही, हा एक. काडतूस पोचलंच नाही, हा दुसरा.

मॅगझिनचा धडा मला माझ्याच चुकीने मिळाला. वार्षिक तपासणी तोंडावर होती. चाळीस रायफली धुवायच्या, वेळ कमी. मी सगळी मॅगझिनं काढून घमेल्यात टाकायला लावली, एकत्र धुतली, वाळवली आणि हाताला येईल ती रायफलीला लावली. चकाचक दिसत होतं सगळं. दुसऱ्या दिवशी चांदमारीवर दर तिसरी-चौथी रायफल अडायला लागली. एकीत टोक खाली घुसतंय, एकीत वर उसळतंय, एकीत बोल्ट कोरा जातोय.

पेटी दिसायला सारखी असली तरी सारखी नसते. कुणी इंग्लंडची, कुणी इशापूरची, एखादी ऑस्ट्रेलियातल्या लिथगोची. ओठ ज्या त्या रायफलीशी जुळवून वाकवलेले, वर पन्नास वर्षांच्या पडझडीने आणखी मुरडलेले. मॅगझिन धरून ठेवणारी कळ एखाद्या रायफलीत झिजलेली असते, तिथे पेटी जरा खाली लोंबते. तिच्या जुन्या पेटीचे ओठ त्या लोंबण्याला सोसतील असे झालेले असतात, दुसरीचे नसतात. पावसाळ्यात लाकूड फुगलं तर आणखी एक फरक. मॅगझिन वेगळं करता येतं, पण ते वरचेवर बदलायला केलेलं नाही. जागेवर ठेवून वरून चार्जरने भरायचं हीच मूळ रीत.

काही पेट्यांच्या पाठीवर रायफलीचा नंबर ठोकलेला होता, त्या पटकन लागल्या. उरलेल्यांची पत्रिका जुळवत मी दोन रात्री बसलो. दहा सरावाची काडतुसं भरायची, बोल्ट सावकाश, मग जोरात, मग रायफल तिरकी धरून. दहाही गेली तर लग्न ठरलं, नाही तर पुढचं स्थळ. ओठ पक्कडीने वाकवायचा मोह होतो. मी चाळिसातल्या फक्त तिघींचे वाकवले, तेही केसभर, कारण पत्रा दोनदा सहन करतो, तिसऱ्यांदा चीर देतो.

बासष्टच्या युद्धानंतर इशापूरनेच याच घडणीत ७.६२ची रायफल काढली. त्या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, त्यामुळे पाय अडकण्याचा प्रश्नच मिटला. आमच्याकडे मात्र जुनीच टिकली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, सीएसटीवर बंदोबस्ताला असलेल्यांच्या हातात थ्री नॉट थ्री होती आणि त्यानंतर या रायफलीचं नाव शिवीसारखं झालं. एके-४७ पुढे हाताने बोल्ट ओढणारा माणूस उभा करणं चूकच होतं. पण तो दोष कुणाचा, हे रायफलीला विचारून कसं कळणार? उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला, ते मला बरं वाटलं. निदान मानाने गेली.

तर ती १९४३ची इशापूर. सलामीची काडतुसं पोकळ असतात, पुढे गोळी नसते, पितळ नुसतं चिमटून बंद केलेलं. वाट दाखवायला टोक नाही आणि लांबी कमी, म्हणून ती चांगल्या रायफलीतही नखरे करतात. ओठ जरा इकडेतिकडे असले तर हमखास अडतात. शस्त्रागारात आल्यावर मी त्या शिपायाला हात पाठीमागे बांधायला लावले आणि मॅगझिनची पाठ दाखवली. तिथे ठोकलेला नंबर रायफलीचा नव्हता.

रजिस्टर चाळलं. तो नंबर कोषागाराच्या पहाऱ्यावरच्या रायफलीचा निघाला. संध्याकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. गार्डवरचा हवालदार म्हणाला, "हो, ही कधीमधी अडते खरी, पण इथे कुठे उडवायची असते?" तिच्या पेटीवर आमचा नंबर होता. अदलाबदल केली, दोन्ही रायफलींत दहा-दहा सरावाची काडतुसं तीन-तीनदा फिरवली. एकदाही अडलं नाही.

"मेजर, म्हणजे हिचं काही बिघडलंच नव्हतं?" पोरगा म्हणाला.

मी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं आणि दोन्ही नंबर त्याच्याच हाताने लिहून घेतले. अक्षर कोंबडीचे पाय, पण नंबर बरोबर होते.