दोराचें वय

ता. १४ जुलै १८६५ रोजीं आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर करून सात जण उतरत होते. एकाचा पाय घसरला, मधला दोर तुटला व चौघे कोसळून मेले. नायक व्हिंपर यांस मागाहून आढळलें कीं, तुटलेला दोर जवळच्या दोरांत सर्वांत जुना व कच्चा होता.

दोराचा दुबळेपणा डोळ्यांस दिसतोच असें नाहीं. म्हणून हल्लींच्या नायलॉनच्या दोरावर निर्मितीचें वर्ष दिलेलें असतें. दोर कापल्यास प्रत्येक तुकड्यावर त्या वर्षाची चिठ्ठी चिकटवावी. पहिल्या वापराची तारीख व प्रत्येक मोठा झटका वहींत टिपावा. न वापरलेला दोरहि १० वर्षांनंतर चढाईस घेऊं नये, असें बहुतेक कारखानदार सांगतात.

मुलांनो, सह्याद्रीवर दोरास हात घालण्यापूर्वीं त्याचें वय विचारा. असें विचारण्यास आम्ही भित्रेपणा समजत नाहीं.