उत्तर बरोबर कशामुळे ठरतं?

दहावीच्या सराव प्रश्नसंचात एका पानावर ‘पृथ्वीचे वस्तुमान काढा’ असं उदाहरण असतं. दुसऱ्या पानावर वादळात मोडलेल्या झाडाची उंची काढायची असते. तिसऱ्या पानावर रिकामी जागा आणि चार पर्याय असतात : स्थानिक शासनसंस्थांमध्ये महिलांसाठी किती टक्के जागा राखीव आहेत? विज्ञान, गणित आणि राज्यशास्त्र. उत्तर जुळलं की परीक्षक तिन्हींवर सारखीच बरोबरची खूण करतो, समासात गुण मांडतो आणि पान उलटतो.

पण ही तीन उत्तरं बरोबर असण्याची कारणं अगदी वेगवेगळी आहेत. पहिलं उत्तर निसर्गाने ठरवलेलं आहे, दुसरं तर्काने आणि तिसरं माणसांनी एकत्र बसून. पंधरा वर्षांचं मूल एकाच आठवड्यात, एकाच पेनाने, खरेपणाच्या या तिन्ही प्रांतांत जाऊन येतं. आपण सगळेच तिथे जाऊन आलोय. फक्त वेळ लावून लिहिण्याच्या घाईत आजूबाजूला बघायचं राहून गेलं. आता घाई नाही, तेव्हा एकेक प्रश्न सावकाश उलगडून पाहू.

पृथ्वी तागडीत कशी घालायची?

गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातलं हे उदाहरण ठरावीक साच्याचं असतं. गुरुत्व त्वरण ९.८, पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर आणि वैश्विक गुरुत्व स्थिरांक, एवढं दिलेलं असतं. सूत्रात किमती घालायच्या, त्रिज्येचा वर्ग करायचा, घातांक सांभाळायचे. चार-पाच ओळींत उत्तर येतं : ६ वर २४ शून्यं, इतके किलोग्रॅम. ज्या ग्रहावर आपलं बाक ठेवलेलं आहे, त्या अख्ख्या ग्रहाचं वस्तुमान आपण बाकावरून न उठता काढलेलं असतं.

खरी गंमत ‘दिलेल्या’ गोष्टींत आहे. तो स्थिरांक कुणी दिला? न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम १६८७ मध्ये मांडला, पण दोन साध्या वस्तू एकमेकींना नेमक्या किती जोराने ओढतात हे त्या वेळी कुणालाच मोजता आलं नव्हतं. ती ओढ असतेच इतकी क्षीण. पुढे जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकाने ती मोजण्यासाठी एक उपकरण योजलं, पण प्रयोग होण्याआधीच तो वारला. उपकरण शेवटी हेन्री कॅव्हेंडिशच्या हाती आलं. त्याने ते नव्याने उभारलं आणि १७९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सहा फूट लांबीचा एक लाकडी दांडा तारेने आडवा टांगलेला. त्याच्या दोन्ही टोकांना शिशाचा एकेक छोटा गोळा, प्रत्येकी पाऊण किलोच्या आतबाहेर. त्यांच्या जवळ आणायचे ते शिशाचेच दोन मोठे गोळे, प्रत्येकी १५८ किलोचे. मोठ्यांनी छोट्यांना ओढलं की तार किंचित पिळली जाणार आणि दांडा सरकणार. ही ओढ बारीक वाळूच्या एका कणाच्या वजनाएवढी. खोलीत माणूस उभा राहिला तर त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलेल आणि तेवढ्यानेही मोजमाप बिघडेल. म्हणून कॅव्हेंडिशने खोली बंद केली, मोठे गोळे बाहेरूनच हलवायची सोय केली आणि भिंतीतल्या भोकांमधून दुर्बिणीने दांड्याची टोकं न्याहाळली. दांडा सरकायचा तो काही मिलिमीटर.

त्या सरकण्यातून निघालेलं उत्तर थक्क करणारं होतं. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट आहे, असं त्याने लिहिलं. आज आपण ५.५१ मानतो. आता हा आकडा घेऊन सह्याद्रीत उभे राहा. पायाखालचा काळा बेसाल्ट पाण्याच्या जेमतेम तिप्पट जड आहे. पृष्ठभागावरचे दगड तिप्पट आणि सगळ्या पृथ्वीची सरासरी साडेपाच पट, याचा अर्थ आतमध्ये, कुणाचीही कुदळ पोचणार नाही अशा खोलीवर, कितीतरी जड काहीतरी भरलेलं असलंच पाहिजे. पृथ्वीच्या पोटात लोहाचा गाभा आहे हे पुढे भूकंपाच्या लहरींच्या अभ्यासातून पक्कं झालं. पण त्याची चाहूल लंडनमधल्या एका बंद खोलीत आधीच लागली होती. कॅव्हेंडिशने तो स्थिरांक स्वतः काढला नाही, त्याला पृथ्वीची घनताच हवी होती. पुढच्यांनी त्याच मोजमापांतून स्थिरांक काढला आणि तो आज प्रश्नाच्या शेवटी ‘दिलेले’ म्हणून छापला जातो.

लगेच पुढच्या धड्यात आणखी एक नवल आहे : ‘मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीचे गुण लिहा.’ पाठ केलेलं उत्तर असतं की त्याने न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा रिकाम्या सोडल्या. या वाक्यातलं धाडस बघा. १८६९ मध्ये जेमतेम ६३ मूलद्रव्यं माहीत होती, आणि हा माणूस सारणीत घर रिकामं ठेवून ठणकावून सांगत होता की इथे ॲल्युमिनिअमसारखं एक मूलद्रव्य येईल. पुढे त्याने हेही सांगितलं की त्याची घनता पाण्याच्या सुमारे ५.९ पट असेल. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां याला जस्ताच्या खनिजात ते सापडलं. त्याने नाव दिलं गॅलिअम आणि घनता मोजली, ती आली ४.७. मेंडेलीव्हने कळवलं की पुन्हा मोजा, ती ५.९ च्या आसपास असायला हवी. ज्याने तो धातू कधी पाहिलाही नव्हता, तो धातू हातात असलेल्या माणसाला हे सांगत होता. नमुना आणखी शुद्ध करून पुन्हा मोजला, आणि घनता ५.९ भरली.

हा गॅलिअम ३० अंश सेल्सिअसच्या जरा खालीच वितळतो. तळहातावर ठेवला तर पाणी होतो. नागपूरच्या मे महिन्यात तर कपाटातल्या बाटलीतसुद्धा तो पातळच राहील. अशा चमत्कारिक धातूच्या गुणधर्मांचं उत्तर कागदावर आधी लिहिलं गेलं आणि निसर्गाने ते नंतर तपासून दिलं. विज्ञानातलं उत्तर बरोबर ठरतं ते असं. तिथे शेवटचा परीक्षक निसर्ग असतो, आणि तो कुणाची भीड ठेवत नाही, शोध लावणाऱ्याचीसुद्धा.

वाऱ्याने मोडलेला बांबू

गणितात निसर्गाला विचारावं लागत नाही. वादळात मोडलेल्या झाडाचं उदाहरण दहावीच्या भूमितीत येतं, आणि त्याचं एक फार जुनं भावंड भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. लीलावती ११५० सालची. त्यातला प्रश्न असा : ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. बांबू किती उंचीवर मोडला?

आजचा विद्यार्थी मोडलेल्या जागेची उंची क्ष मानेल, पायथागोरसचं प्रमेय लावेल आणि वर्गांचं समीकरण सोडवत बसेल. भास्कराचार्यांची रीत चुटकीसरशी होते. १६ चा वर्ग २५६. त्याला बांबूच्या उंचीने, म्हणजे ३२ ने, भागा : ८. हे ८ उंचीतून वजा करून निम्मे करा : ३२ उणे ८ म्हणजे २४, त्याचे निम्मे १२. मिळवून निम्मे करा : ४०, त्याचे निम्मे २०. झालं. बांबू १२ हातांवर मोडला आणि मोडून पडलेला तुकडा २० हातांचा. पडताळा घ्या : १२ चा वर्ग १४४, १६ चा २५६, बेरीज ४००, आणि तो बरोबर २० चा वर्ग. तिन्ही बाजूंना ४ ने भागलंत तर शाळेत सगळ्यांची पहिली ओळख होते तोच ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण समोर येतो.

रीत कशी चालते हेही दहावीच्या मुलाला दोन ओळींत कळतं. उभा भाग आणि पडलेला भाग यांची बेरीज ३२, हे दिलेलंच आहे. त्यांच्या वर्गांतला फरक २५६, हे प्रमेय सांगतं. वर्गांतला फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. म्हणून २५६ ला ३२ ने भागलं की वजाबाकी मिळते, ८. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही हातात आल्यावर संख्या काय, आपोआप सापडतात. शाळेत घोकलेलं अवयवांचं सूत्र इथे बांबूच्या रूपाने भेटतं.

‘नवाध्यायी’ म्हणता येईल अशा एका प्राचीन चिनी गणितग्रंथातही हाच बांबू आहे. तो भास्कराचार्यांच्या शेकडो वर्षं आधीचा. तिथे बांबू १० चि (लांबीचं चिनी माप) उंच आणि शेंडा टेकतो ३ चि अंतरावर. आपली तीच रीत लावून पाहा : ३ चा वर्ग ९, भागिले १० म्हणजे ०.९, १० उणे ०.९ म्हणजे ९.१, त्याचे निम्मे ४.५५. चिनी ग्रंथातलं उत्तर अगदी हेच आहे. देश वेगळा, लिपी वेगळी, मोजमाप वेगळं, उत्तर मात्र पूर्णांकाच्या पुढच्या अपूर्णांकासकट जुळतं. कॅव्हेंडिशचा ५.४८ पुढे सुधारावा लागला. बांबूचे १२ हात नऊ शतकांत कुणाला सुधारावे लागले नाहीत आणि कधी लागणारही नाहीत, कारण ते तर्काने सिद्ध झाले आहेत.

अशा प्रश्नांचा सराव करायला महाराष्ट्रात एक मठ होता. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तो स्थापन केला. शके ११२८ चा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातल्या विक्रीवरचं राजाचं उत्पन्न मठाला दिल्याची नोंद आहे. गावच्या बाजारपेठेच्या पैशावर गणिताचा अभ्यास चालावा, अशी ती व्यवस्था होती. आठशे वर्षांपूर्वी आपल्या समाजाला उदाहरणं सोडवणं इतकं मोलाचं वाटत होतं, ही केवढी अभिमानाची गोष्ट आहे!

बदलणारं बरोबर उत्तर

आता ती रिकामी जागा. महाराष्ट्रातल्या स्थानिक शासनसंस्थांमध्ये महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत; पर्याय निवडला, गुण मिळाला. पण हाच प्रश्न २००५ च्या विद्यार्थ्याला विचारला असता तर ५० टक्के हे उत्तर चूक ठरलं असतं. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. मतदाराच्या वयाचंही तसंच. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीपर्यंत बरोबर उत्तर २१ होतं, नंतर ते १८ झालं.

कुणी म्हणेल, मग हे कसलं ज्ञान? माझ्या मते हा या विषयाचा कमीपणा नाही, हेच त्याचं सर्वांत मोठं आश्चर्य आहे. पृथ्वीचं वस्तुमान आपल्याला बदलता येत नाही, बांबूचे १२ हात बदलता येत नाहीत. मतदानाचं वय मात्र माणसांनी वाद घालून, मतं मोजून, बदललं.

आणि या उत्तरांसाठी काय खटाटोप झाला, तो बघा. ब्रिटिश अमलात मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींमुळे बहुसंख्य लोकांना मत नव्हतं. राज्यघटनेने एका फटक्यात प्रत्येक प्रौढाला मत दिलं. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती सुमारे १८ टक्के, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होते सुमारे १७ कोटी ३० लाख. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे गणिताचे अभ्यासक होते. त्यांच्यापुढचं कोडं असं : ज्याला वाचता येत नाही त्याने उमेदवार कसा ओळखायचा? चिन्हावरून. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. हिमालयातल्या ‘चिनी’ नावाच्या तहसिलीत बर्फ पडून वाटा बंद होण्याआधी, २५ ऑक्टोबर १९५१ ला, मतदान उरकून घेतलं गेलं.

अनेक ठिकाणी बायकांनी मतदार यादीसाठी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. स्वतःच्या नावाशिवाय नोंद राहणार नाही, असं निवडणूक आयोगाने ठरवलं आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद त्या वेळी यादीतून गळली. निर्णय कठोर होता, पण पुढच्या याद्यांमध्ये बाईचं नाव यायला त्यामुळे सुरुवात झाली. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळायला १९७१ उजाडलं, हे लक्षात घेतलं की आपल्या पुस्तकातल्या ‘सार्वत्रिक प्रौढ मताधिकार’ या तीन शब्दांचं वजन कळतं.

उत्तरसूचीत नसलेले प्रश्न

प्रत्येक प्रश्नसंचाच्या शेवटी उत्तरसूची असते आणि ती हवीच. सरावाशिवाय हात बसत नाही आणि हात बसल्याशिवाय डोकं मोकळं होत नाही. पण एक मागणं आहे : प्रत्येक धड्याखाली एक प्रश्न असा द्यावा ज्याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही. दहावीच्या मुलांना सहज समजतील असे तीन प्रश्न इथेच देतो.

विज्ञान : कॅव्हेंडिशच्या प्रयोगाला सव्वादोनशेहून अधिक वर्षं झाली, तरी उत्तमोत्तम प्रयोगशाळांनी मोजलेल्या गुरुत्व स्थिरांकाच्या किमती चौथ्या-पाचव्या अंकाला एकमेकींशी जुळत नाहीत. का?

गणित : ११ आणि १३, १७ आणि १९, ४१ आणि ४३ अशा दोनच्या अंतराने येणाऱ्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत का? २०१३ मध्ये यितांग झांग यांनी सिद्ध केलं की जास्तीत जास्त ७ कोटी अंतराच्या जोड्या अनंत आहेत. इतरांनी ते अंतर २४६ पर्यंत खाली आणलं. २ पर्यंत कुणीच पोचलेलं नाही.

राज्यशास्त्र : मतदानाचं वय १६ करावं का? ऑस्ट्रियाने २००७ मध्ये केलं. आपण?

पहिल्याचं उत्तर एखाद्या प्रयोगशाळेत सापडेल, दुसऱ्याचं कुणाच्या तरी वहीत. तिसऱ्याचं उत्तर मात्र शोधून सापडणार नाही, ते ठरवावं लागेल. आणि ठरवणाऱ्यांमध्ये आज दहावीचा अभ्यास करणारी मुलं असतील.