आल्प्सची डोंगरगाडी कशी ठरवाल?

मागच्या महिन्यात आपल्या रेडिओवर आम्ही चौघींनी स्वित्झर्लंडच्या प्रवासाबद्दल गप्पा मारल्या. त्यानंतर इतक्या जणींनी थांबवून विचारलं, की शेवटी संपादकताई म्हणाल्या, सगळं नीट लिहूनच द्या. म्हणून ही बैठक कागदावर.

सुरुवात कॅलेंडरपासून झाली. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या, म्हणजे मामी. वय अडुसष्ट. मामा रेल्वेत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं कर्जतला बँकरवर. घाट चढताना गाडीला मागून जोडतात ती ढकलणारी इंजिनं, त्यांना बँकर म्हणतात हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. मामींच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष कधीच संपलेलं, पण चित्रासाठी ठेवलेलं: उंच दगडी पुलावरून वळत बोगद्यात शिरणारी लाल गाडी. मामा म्हणायचे, "आपल्या घाटात सदतीस फुटांत एक फूट चढ. ही गाडी चौदा फुटांत एक फूट चढते, आणि मागून ढकलायला कुणी नाही." बघायला जाऊ म्हणता म्हणता मामा गेले. मामींनी फॅमिली पेन्शनमधून थोडं थोडं बाजूला टाकलं होतं, पण गुडघे दुखायला लागले आणि त्यांनीच विषय बंद केला.

आम्ही एका सहलवाल्यांकडे चौकशी केली. नऊ दिवसांत चार देश, रोज सकाळी सहाला बॅग बाहेर, आणि गुडघेवाल्या काकूंनी दोन ठिकाणी बसमध्ये बसून राहायचं. त्या गाडीतला प्रवास तर पाऊण तासाचा. तेव्हा ठरवलं की आपणच आखायचं, आणि मामींच्या गुडघ्यांना धरून आखायचं. आगगाडीचा डोंगर हा बसून बघायचा डोंगर. जिला चढवत नाही तिच्यासाठीच जणू तो केलेला आहे.

आधी गाडी निवडा, मग गाव

आल्प्समध्ये डोंगरगाड्या पुष्कळ. सगळ्या बघायला निघालात तर एकही धड बघून होत नाही. त्यांचे ढोबळ दोन प्रकार धरा.

पहिला प्रकार शिखरावर नेऊन परत आणणारा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार चढ घेऊ शकत नाही, घसरतं. म्हणून दोन रुळांच्या मधे दात्यांचा तिसरा रूळ घालतात आणि गाडीखालचं दातेरी चाक त्यात अडकत वर चढतं. रिगी डोंगरावरची अशी गाडी १८७१ची, युरोपातली पहिली. पिलाटुसची १८८९ची, तिचा सर्वांत तीव्र चढ ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ शिडीच. झेरमाटहून गोर्नरग्राटला ३,०८९ मीटरवर गाडी जाते, आणि आयगर डोंगराच्या पोटातून युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर. ते काम १८९६ला सुरू झालं आणि १९१२ला संपलं. दात्यांची ही युक्ती आपल्याकडेही आहे. उटीच्या निलगिरी गाडीत रोमान आब्ट या स्विस इंजिनिअरची पद्धत वापरलेली आहे, आणि तिची जुनी वाफेची इंजिनं विंटरथुर या स्विस गावातून आलेली होती.

दुसरा प्रकार घाट ओलांडून पलीकडे नेणारा. ग्लेशियर एक्सप्रेस झेरमाट ते सेंट मोरिट्झ, सुमारे आठ तास, वाटेत २९१ पूल आणि ९१ बोगदे. बर्निना एक्सप्रेस खूर या गावाहून इटलीतल्या तिरानोपर्यंत, सुमारे चार तास, १९६ पूल आणि ५५ बोगदे. कॅलेंडरवरचा पूल याच मार्गावरचा निघाला: लांडवासर पूल, ६५ मीटर उंच, १३६ मीटर लांब. म्हणजे आमची निवड कॅलेंडरनेच करून ठेवली होती. २००८ साली युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारशात घेतलं. आपली कालका-सिमला गाडीही त्याच वर्षी त्या यादीत गेली.

बर्निनाच्या वाटेवर दात्यांचा रूळ कुठेही नाही. मग चढते कशी? दोन गोष्टींनी. एक, वळणं. बेर्ग्यून आणि प्रेडा या दोन गावांमधे चारशे मीटरहून जास्त चढ आहे. सरळ रूळ टाकला असता तर गाडी चढलीच नसती. म्हणून डोंगराच्या आत-बाहेर गोल बोगदे खणून वाट जवळजवळ दुप्पट लांब केली. खिडकीतून बघताना तेच चर्च एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसतं आणि आपली दिशाच हरवते. दुसरी गोष्ट, वीज. बर्निनाचा भाग १९०८ ते १९१० मधे टप्प्याटप्प्याने सुरू झाला, तो पहिल्या दिवसापासून विजेवर. गाडी मीटर गेजची आणि हलकी. मामींनीच आम्हाला समजावलं, की आपल्या घाटात वीस-बावीस डब्यांची ब्रॉडगेज गाडी असते, तिची या गाडीशी तुलना करू नका. बँकर लागतो तो वजनामुळे.

साधी गाडी की काचेची गाडी?

इथे लक्ष द्या, कारण आमची पहिली चूक इथेच होणार होती. स्विस ट्रॅव्हल पास घेतला की सगळं आलं, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नाही. पासमधे या मार्गाचं भाडं येतं, पण बर्निना एक्सप्रेस आणि ग्लेशियर एक्सप्रेस या काचेच्या छतासारख्या खिडक्या असलेल्या गाड्यांना आसन आरक्षण सक्तीचं आहे, आणि त्याचे पैसे वेगळे. उन्हाळ्यात ती आसनं लवकर संपतात.

पण त्याच रुळांवरून रोज साधी गाडीही जाते, साधारण दर तासाला. तेच पूल, तेच बोगदे, तेच तलाव. आरक्षण लागत नाही, जादा पैसे नाहीत, मधेच उतरून पुढची गाडी धरता येते. काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, म्हणून फोटोत काचेची तिरीप येत नाही. अट एकच: मधे एकदा गाडी बदलावी लागते. आम्ही साधी गाडी घेतली, आणि त्याचा फायदा पुढे सांगतोच.

खूरहून निघताना उजव्या हाताची खिडकी धरा. लांडवासरचा वळता पूल आणि वर गेल्यावर हिमनदी व पांढरा तलाव त्याच बाजूला येतात.

पास की अर्धं तिकीट?

एक वही घ्या. रोज कुठून कुठे जाणार ते लिहा. स्विस रेल्वेच्या एसबीबी ॲपमधे प्रत्येक प्रवासाचं पूर्ण भाडं दिसतं, ते पुढे मांडा. मग तीन बेरजा करा.

पहिली, सगळं पूर्ण भाड्याने.
दुसरी, सगळ्याचं निम्मं, अधिक हाफ फेअर कार्डाची किंमत. हे कार्ड परदेशी प्रवाशांना एक महिना चालतं आणि बहुतेक गाड्या, बस, बोटी निम्म्या भाड्यात मिळतात.
तिसरी, पासची किंमत. पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा असतो. त्यात गाड्या, बोटी, बस, शहरातल्या ट्राम येतात, पण काही शिखरांच्या गाड्यांना पूर्ण सूट नसते. रिगी पासात येतं. गोर्नरग्राटला निम्मं भाडं पडतं. युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्यावर सूट त्याहूनही कमी.

रोज हिंडणारीला पास परवडतो. दोन-तीनच मोठे प्रवास करून बाकी गावात रमणारीला कार्ड. सोळा वर्षांखालची मुलं आईवडिलांबरोबर असतील तर त्यांच्यासाठीचं मोफत फॅमिली कार्ड मागायला विसरू नका.

"एकूण किती लागले?" हा प्रश्न सगळ्याच विचारतात. भाडी आणि फ्रँकचा भाव सतत बदलतो, त्यामुळे आमचा आकडा तुमच्या कामाचा नाही. वाचवलं कुठे ते सांगतो. सेंट मोरिट्झ श्रीमंतांचं गाव, म्हणून आम्ही मुक्काम खूरला केला, आणि तोही स्वयंपाकघर असलेल्या खोलीत. मूगडाळ, तांदूळ, मसाल्याची पुडी घरून. दही, पाव, फळं तिथल्या मिग्रो आणि कोप दुकानांतून. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची उघडी असतात. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. नळाचं आणि गावातल्या बहुतेक कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं; नसेल तिथे "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असते.

कागदपत्रं आणि तब्येत

व्हिसा शेंगेनचा. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा भरलेल्या असतात, म्हणून आधी तारीख बघा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. मामींच्या पासबुकावर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. ते सरळ करायलाच तीन आठवडे गेले. तुम्ही हे काम सर्वांत आधी करा. तिरानो इटलीत आहे, तिथे हाच व्हिसा चालतो, पण पासपोर्ट जवळ ठेवा.

बर्निनाची सर्वांत उंच जागा २,२५३ मीटर. तिथे बहुतेकांना त्रास होत नाही. साडेतीन हजार मीटरवर झपाट्याने गेलं की डोकं दुखणं, दम लागणं होऊ शकतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मामींच्या डॉक्टरांनी युंगफ्राउयोखला नको म्हटलं. आम्ही ते वगळलं आणि कुणालाच वाईट वाटलं नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी.

सामानाचं म्हणाल तर, जी बॅग स्वतःला फलाटावर उचलवत नाही ती नेऊ नका. गाडी थांबते दोन-तीन मिनिटं, आणि हमाल नसतो. बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट किंवा उतार असतो.

त्या दिवशी

जूनचा महिना. ठरलेल्या दिवशी सकाळी खूरला धो धो पाऊस. डोंगर दिसेचनात. काचेच्या गाडीचं आरक्षण असतं तर त्याच दिवशी जावं लागलं असतं. आमच्याकडे होता पास आणि मोकळा दिवस, म्हणून खिचडी टाकली आणि झोपलो. म्हणून सांगतो, मुख्य प्रवासाच्या मागे-पुढे एक दिवस रिकामा ठेवाच.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. लांडवासरचा पूल आला तेव्हा आम्ही तिघी फोन घेऊन खिडकीला चिकटलो. मामींनी फोटो काढला नाही. वळणावर चाकं कशी वाजतात ते ऐकत होत्या.

वर बर्निना खिंडीत दोन तलाव जवळजवळ आहेत, एक काळा आणि एक पांढरा. काळ्याचं पाणी शेवटी काळ्या समुद्राला जातं, पांढऱ्याचं एड्रियाटिकला. तिथून गाडी चाळीसेक किलोमीटरच्या आत अठराशे मीटर उतरते. बर्फ संपतं, सूचिपर्णी झाडं संपतात, पाट्या जर्मन आणि रोमान्शच्या इटालियन होतात, आणि ब्रूझिओला गाडी गोल पुलावरून फिरून स्वतःच्याच वाटेखालून जाते. तिरानोत तर ती रस्त्यावरून चालते, मोटारींच्या शेजारून. तिरानोची उंची ४२९ मीटर.

जेवून परतीच्या गाडीला आलो. आता सगळा चढ होता. आम्ही जागा धरल्या आणि बघतो तर मामी नाहीत. त्या फलाटावरून काठी टेकत गाडीच्या अगदी शेवटच्या टोकाला गेल्या होत्या. सुटायला सात-आठ मिनिटं होती, तरी आमचा जीव वर-खाली. आल्या, बसल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "बघून आले. खरंच मागे कुणी नाही हो."

मग गाडी चढायला लागली. मामींनी डबा उघडून आम्हाला शंकरपाळे दिले आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या, ते थेट खिंड येईपर्यंत.

तर मैत्रिणींनो, वही काढा. पहिल्या पानावर गाडीचं नाव लिहा, दुसऱ्यावर बरोबर कोण आणि तिला काय झेपतं ते. बाकीची पानं त्यावरून भरतील.